भरवशाची झोप

हातोडी नवऱ्याने जोरात मारलीच नव्हती. छातीत काय आहे ते ऐकायला डॉक्टर पाठीवर बोट वाजवतात, तेवढ्याच हाताने मारली होती. पितळेचा नळ बुडापाशी मोडला आणि त्याच्या तळहातावर येऊन पडला. बाहेरून काळपट हिरवा, पण मोडला तिथे आतून गुलाबी. तान्ह्या बाळाच्या हिरडीसारखा गुलाबी. होडीच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो होतो, अंथरुणाची फळी उचलून बाजूला ठेवलेली, आणि बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ते भुसभुशीत तांबं. आकार तोच, चकतीवरचे आटे तसेच, मूठ फिरवली तर फिरतेही. ताकद तेवढी गेलेली. हा नळ होडीच्या बुडाला पाडलेल्या भोकावर बसवलेला असतो. इकडे, इंग्लंडमध्ये, त्याला सीकॉक म्हणतात. संडासाचं पाणी, बेसिनचं पाणी, इंजिन थंड ठेवायला लागणारं समुद्राचं पाणी, सगळं अशाच नळांतून ये-जा करतं. भोक दीड इंचाचं आणि वर फूटभर पाणी असलं, तर मिनिटाला शंभर लिटरच्या आसपास पाणी आत येतं. घरी आपली मोठी बादली वीस लिटरची. मी मनातल्या मनात बादल्या मोजल्या.

होडी विकत घेण्याआधी आम्ही रीतसर तपासणी करून घेतली होती. पैसे मोजून माणूस आणला होता. त्याच्या अहवालात या नळापुढे ‘वापरण्याजोगा’ असं लिहिलेलं होतं. मला त्याचा राग अजून आहे. राग चुकीचा नाही असंही मला वाटतं, कारण त्या नळाच्या बरोबर वर आम्ही झोपणार होतो.

मी नर्स आहे. बार्शीची. पंधरा वर्षांहून जास्त काळ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहते आणि त्यातली बहुतेक वर्षं रात्रपाळी केली आहे. नवरा रेवदंड्याचा. लग्नाआधी समुद्राशी माझा संबंध इतकाच, की शाळेची सहल एकदा गणपतीपुळ्याला गेली होती. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला चार दिवसांनी येणारं पाणी. पहाटे नळ फुसफुसला की आई सगळ्यांना उठवायची, आणि घरातली सगळी भांडी, अगदी वाट्यासुद्धा, भरून ठेवायची. नळातून पाणी येऊ नये म्हणून जिवाचं रान करायची वेळ माझ्यावर येईल, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

होडीचं वेड त्याचं, पण होडी घ्यायची हे मी ठरवलं. त्याचं कारण २०२० हे साल.

त्या वर्षी मी रात्री आठला वॉर्डात जायचे आणि सकाळी आठला बाहेर पडायचे. त्या रात्रींबद्दल मी फारसं लिहिणार नाही. पण घरी काय चाललं होतं ते मला खूप नंतर कळलं. तो झोपतच नव्हता. मी निघाले की खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा आणि सकाळी माझी गाडी वळताना दिसली की उठून चहा टाकायचा. मला वाटायचं, शहाणा माणूस लवकर उठतो. साथ ओसरली, मास्क गेले, माणसं पुन्हा एकमेकांच्या गळ्यात पडू लागली. त्याची झोप मात्र परत आली नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आईने बार्शीहून पाठवलेलं जायफळ उगाळून झालं. दोन तास झोपायचा, मग उठून छताकडे बघत पडायचा. मी रजेवर असले, शेजारी असले, तरी तेच.

अशाच एका रविवारी आम्ही चिचेस्टर हार्बरच्या काठाने चालत होतो. ओहोटी होती. इथल्या खाडीत उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटर वर-खाली होतं, मुंबईच्या बंदरात होतं जवळपास तेवढंच, त्यामुळे ओहोटीला मैलभर नुसता चिखल उघडा पडतो. त्या चिखलात एक होडी आपली आपण सरळ उभी होती. बाकीच्या सगळ्या कुशीवर कललेल्या, आणि ही गोठ्यातल्या म्हशीसारखी चारी पाय रोवून. जवळ गेल्यावर कळलं, तिला एका कण्याऐवजी बुडाला दोन पंख आहेत. कठड्याला ‘विकणे आहे’ची पाटी सुतळीने बांधलेली होती. नवरा चिखलात उतरला तो घोट्यापर्यंत रुतला, आणि तसाच तिच्या पोटाला हात लावून उभा राहिला. त्याचा तो चेहरा मी पाहिला. वर्षभरात पाहिला नव्हता.

ती वेस्टर्ली सेंटॉर. २६ फूट लांब, १९७४ साली बांधलेली. लॉरेंट जाइल्स यांच्या कार्यालयाने तिचा आराखडा केला आणि इथून जवळच, वॉटरलूव्हिलला, वेस्टर्ली कंपनीने १९६९ ते १९८० या काळात अशा २,४४४ होड्या बांधल्या. श्रीमंतांच्या नव्हेत, मास्तर, पोस्टमन, गवंडी यांनी कर्ज काढून घ्याव्यात अशा. तीन फूट पाणी मिळालं तरी तरंगणाऱ्या आणि पाणी गेलं तर दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या. पन्नास वर्षांच्या होडीला इथे फारसं कोणी विचारत नाही. आम्हाला ती आमच्या जुन्या गाडीच्या किमतीत मिळाली. किमतीच्या कितीतरी पट नंतर तिच्यात गेले, तो हिशेब आम्ही एका वहीत लिहिला आहे आणि ती वही आम्ही फारशी उघडत नाही.

नाव घेण्यासारखं काम सुरू झालं ते बुडापासून. क्रेनने उचलून तिला यार्डात टेकूवर बसवली आणि बुडावरचे रंगाचे जुने थर खरवडले, तेव्हा खाली फोड दिसले. मोहरीएवढे, वाटाण्याएवढे, काही रुपयाएवढे. फायबरग्लासची होडी म्हणजे काचेचं कापड आणि राळ. तिला लाकडासारखी कुजण्याची भीती नाही असं लोक समजतात. पण ती जुनी पॉलिएस्टर राळ पाणी अगदी सावकाश पिते. आत शिरलेलं पाणी राळेतल्या न मुरलेल्या द्रव्यांशी मिळतं, आंबट होतं, आणखी पाणी ओढून घेतं, आणि मग कातडीवर फोड यावा तसा फोड येतो. मी दाभणाने पहिला फोडला तेव्हा आतलं पाणी पिचकारीसारखं उडालं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. त्याला व्हिनेगरचा वास होता. फोड फोडणं, कोरणं, धुणं, कोरडं ठेवणं हे काम मला नवं नव्हतं. खडूने प्रत्येकाभोवती गोल करत गेले. २२७ भरले.

प्रत्येक खड्डा घासून उघडा केला आणि गोड्या पाण्याने धुतला, पुन्हा धुतला, आणि मग थांबलो. यात थांबण्याला पर्याय नाही. आत मुरलेलं पाणी बाहेर पडेपर्यंत राळ भरायची नसते, नाहीतर फोड झाकला जातो, बरा होत नाही. ऑक्टोबरात सैबेरियाकडून काळे ब्रेंट हंस खाडीत आले, मार्चमध्ये परत गेले, आणि एवढा सगळा वेळ आमची होडी ताडपत्रीखाली सुकत होती. दर शनिवारी मी ओलावा मोजायचं यंत्र तिच्या पोटाला लावायचे आणि आकडा तारखेसकट लिहायचे. तापाचा तक्ता लिहावा तसा. यार्डातला एक म्हातारा, जन्मभर याच कामात असलेला, रोज येऊन माझ्या तक्त्याकडे बघायचा आणि मान हलवून जायचा. मार्चच्या तिसऱ्या शनिवारी तो म्हणाला, “आता भरा.”

भरायचं इपॉक्सीने. पाच माप राळ, एक माप हार्डनर, अंदाजपंचे चालत नाही. मापाचं काम माझ्याकडे आलं, कारण पहिल्या दिवशी नवऱ्याने घाईत मोठा डबा भरून कालवला होता. हे मिश्रण घट्ट होताना उष्णता सोडतं, आणि ढीग जितका मोठा तितकी उष्णता जास्त. डबा हातात धरवेना, मग त्यातून पिवळा धूर निघाला, मग तो आपला आपण तडकला. तेव्हापासून वाटीवाटीने. चहाचं आधण बघावं तसं मी घड्याळ बघायचे आणि तो थापीने भरत जायचा. मार्चच्या थंडीत राळ मधासारखी घट्ट होते, म्हणून बाटल्या आम्ही कोटाच्या आत, पोटाशी धरून आणायचो.

इंजिनाबद्दल लिहायचं तर दुसरा लेख होईल. ते निघालं, उघडलं, परत बसलं. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा बदलल्या, सगळ्या, कारण आतून कुठली तार तुटायला आली आहे ते बाहेरून दिसत नाही. दोन पंख जिथे बुडाला बोल्टांनी धरलेले असतात तिथे आतून आडव्या पट्ट्या टाकून बूड भक्कम केलं. या जातीच्या होड्यांचा तो जुना दुबळेपणा आहे आणि त्याची औषधंही सगळ्यांना माहीत आहेत.

मला सांगायचं आहे ते बोल्टांबद्दल. डेकवरची प्रत्येक वस्तू, कठड्याचा खांब असो की दोरी अडकवायची खुंटी, वरून आत बोल्टने धरलेली असते, आणि ती घट्ट करायला दोन माणसं लागतात. एक वर, स्क्रूड्रायव्हर घेऊन. दुसरा खाली, कपाटाच्या कोपऱ्यात डोकं घालून, नट पान्याने धरून. मध्ये डेक. एकमेकांचं तोंड दिसत नाही, बोललेलं नीट ऐकू येत नाही. आम्ही एक खूण ठरवली. खालून एक टकटक म्हणजे धरलंय. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे बसलं, पुढे चल. असे शंभरावर बोल्ट आम्ही बसवले. मी बहुतेक वेळा खाली, कारण माझे हात लहान. आमच्यात भांडणं झाली नाहीत असं नाही, एकदा तर दोन आठवडे आम्ही कामापुरतंच बोललो. पण त्या दोन आठवड्यांतही टकटक चालू होती. तीन वेळा टकटक झाली की वरचा माणूस पुढे सरकायचा. तपासून बघ, नक्की का, असं त्याने एकदाही विचारलं नाही.

ही सगळी खटपट कशासाठी, हे विचारणारे पुष्कळ भेटले. इकडचे विचारायचे, वादळ आलं तर? भारतातून फोन यायचे, चाचे असतात म्हणे? माझ्या सासूबाईंनी मात्र वेगळंच विचारलं. रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी त्यांचं सगळं आयुष्य गेलं. दर पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, फळ्यांच्या फटींत तेलाचा कापूस ठोकणारी माणसं, मग नारळी पौर्णिमा, मग रात्री-अपरात्री सुटणारी गलबतं, हे सगळं ओटीवरून बघितलेली बाई. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना होडी आतून-बाहेरून फिरवून दाखवली. त्यांनी सगळं बघितलं, शेगडीचं कौतुक केलं, आणि मग म्हणाल्या, “दोघंच ना गं तुम्ही? मग रात्री जागणार कोण?”

नवरा म्हणाला, “आळीपाळीने जागू, आई.”

“जागशील रे तू. तुझं जागणं मला माहीत आहे. झोपशील का ते सांग.”

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ सँडपेपरचा तुकडा घडी घालत आणि उलगडत बसला होता.

आई बरोबर बोलल्या होत्या. गलबतावर तांडेल असतो, चार-सहा खलाशी असतात. दोघांच्या होडीवर एक झोपला की दुसरा एकटा. आणि झोपलेल्याला तीन तासांनी उठून पहारा घ्यायचा असेल तर त्याने त्या तीन तासांत झोपलंच पाहिजे, नाहीतर पहाटे होडी चालवणारा माणूस निम्मा मेलेला असतो. २०२४च्या ऑक्टोबरात भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी गोव्याहून ‘तारिणी’ ही शिडाची होडी घेऊन निघाल्या आणि आठ महिन्यांनी, मे २०२५मध्ये, पृथ्वीला वळसा घालून परत आल्या. त्यांचे फोटो मी बघायचे तेव्हा लाटांपेक्षा माझ्या मनात हेच यायचं, की दक्षिण महासागरात, जिथे चारी दिशांना माणूस नाही, तिथे एकीने डोळे मिटले ते दुसरीच्या भरवशावर. आणि कमांडर दिलीप दोंदे २००९-१० साली ‘म्हादेई’तून एकट्याने जग फिरून आले, तसं करणारे पहिले भारतीय. त्यांना तर भरवसा टाकायलाही कोणी नव्हतं. दोन्ही होड्या गोव्यात बांधलेल्या. त्या बांधणाऱ्या सुतारांना, फायबर घालणाऱ्यांना कधी भेटता आलं तर मला त्यांच्या पाया पडायचं आहे. कोणीतरी कधीतरी शांत झोपेल म्हणून त्यांनी तो एकेक थर नीट दाबला.

हे मला वॉर्डामुळे कळतं. रात्री तीनला वॉर्डातून चालताना मंद दिव्यात तीस माणसं झोपलेली दिसतात. अनोळखी ठिकाणी, अंगाला नळ्या लावलेल्या, आणि तरी झोपलेली. कारण कोणीतरी जागं आहे. सकाळी पाळी संपते तेव्हा एकेका पलंगाबद्दल पुढच्या नर्सला सांगितल्याशिवाय आम्ही हलत नाही: काय झालं, काय द्यायचं, कशाकडे लक्ष ठेवायचं. सगळं सांगून झालं की खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं होतं, आणि मगच घरी जाऊन झोप लागते. ज्या नर्सला मी पाळी देते तिच्यावर माझा विश्वास नसेल तर घरी जाऊनही मी वॉर्डातच असते. नवऱ्याचं नेमकं तेच झालं होतं. त्याने २०२०मध्ये पहारा सुरू केला आणि तो कोणाच्या हाती देऊन मोकळा झालाच नाही.

म्हणून तो गुलाबी नळ मोडला तेव्हा मी ठरवलं, की या होडीत दुसऱ्याच्या शब्दावर काहीही ठेवायचं नाही. बुडाला आठ भोकं होती. त्यांतली तीन लागतच नव्हती, ती आम्ही कायमची बुजवली. दीड इंचाचं भोक बुजवायला भोवताली जेवणाच्या ताटाएवढा उतार घासावा लागतो, जाडीच्या बारा पट रुंद, मग त्यावर काचेच्या कापडाचे गोल तुकडे, लहानावर मोठा, मोठ्यावर त्याहून मोठा. उरलेल्या पाचांवर कांस्याचे नवे नळ बसवले. प्रत्येक नळाशेजारी गाजराच्या आकाराची एक लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवली. उद्या नळ तुटलाच तर अंधारात चाचपडत न बसता भोकात ठोकायला. नळ त्याने बसवले आणि तपासले मी. मी बसवलेल्या खुंट्या त्याने तपासल्या.

पाण्यात उतरवायच्या दिवशी क्रेनवाला होडी पाण्यावर टेकवतो पण पट्टे सोडत नाही. आत जाऊन बघा म्हणतो. मी टॉयलेट पेपरचे कोरडे तुकडे घेऊन आत गेले आणि प्रत्येक नळाच्या बुडाशी एकेक गुंडाळून ठेवला. जखमेवरची पट्टी भिजते का ते बघतात तसं. दहा मिनिटं टॉर्च धरून बसले. पाचही कागद कोरडे. मी डेकवर येऊन क्रेनवाल्याला अंगठा दाखवला. नवरा नाळेशी, होडीच्या पुढच्या टोकाला उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो आत बघायला गेला. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांची सवय दोन मिनिटांत जात नाही.

पुढे कुठे जायचं ते ठरलेलं आहे. येत्या एप्रिलपासून घर भाड्याने देणार, मी नोकरी सोडून गरजेपुरत्या ड्युट्या घेणार. ल हाव्रहून सेन नदीने पॅरिस, मग कालव्यांतून सोन, मग ऱ्होन, आणि खाली भूमध्य समुद्र. जुन्या कालव्यांवरचे पूल साडेतीन मीटर उंचीचे, म्हणून डोलकाठी उतरवून डेकवर आडवी बांधावी लागेल. आमच्या होडीला तीन फूटच पाणी लागतं, त्यामुळे तळाची चिंता नाही. फ्रान्ससकट युरोपातल्या शेंगेन देशांत आमच्यासारख्या बाहेरच्यांना १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, तेव्हा तीन महिने पाण्यावर, मग तीन महिने कुठेतरी काठावर बांधून रेवदंडा आणि बार्शी. वर्षाची अशी वाटणी मला आवडते. दोन्ही आयांनाही.

पण त्याआधी एक रात्र काढून बघायची होती. या जुलैत, वारा पश्चिमेचा आणि हवा धड आहे असं बघून, आम्ही वाइट बेटाच्या नीडल्स खडकांपासून शेर्बुरकडे निघालो. साठ सागरी मैल, आमच्या होडीच्या चालीने तेरा-चौदा तास. संध्याकाळी सहाला निघालो. तीन-तीन तासांचे पहारे, आणि एक नियम मी घातला होता: पहारा वाढवायचा नाही. दुसरा छान झोपलाय, झोपू दे अजून तासभर, असं प्रेमापोटीसुद्धा करायचं नाही. वॉर्डात मी बघितलं आहे, चुका चौदाव्या तासाला होतात.

आठ ते अकरा त्याचा पहारा झाला. मी झोपले, आणि चांगली झोपले. अकराला त्याने उठवलं, सगळं सांगितलं आणि खाली गेला. बंकाच्या कडेला मी जाड कापडाची झोळी शिवून बांधली होती, होडी कलली तरी झोपलेला माणूस खाली पडू नये म्हणून. तो झोळीत शिरला. त्याआधी त्याने बुडातली झाकणं उचलून हात घालून बघितला, ते मला वरून टॉर्चच्या उजेडात दिसलं.

इंग्लिश खाडीच्या मध्यावर जहाजं रस्त्यावरच्या गाड्यांसारखी रांगेने जातात. दक्षिणेकडे जाताना आधी डावीकडून येतात, पश्चिमेला निघालेली, त्यांचे हिरवे दिवे दिसतात. अर्धी खाडी ओलांडली की उजवीकडून येऊ लागतात आणि लाल दिवे दिसतात. क्षितिजावर दिसलेलं जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं, म्हणून दर दहा मिनिटांनी उभं राहून सगळीकडे एक गोल नजर फिरवायची. मी फिरवत होते. वारा अंगाला गार लागत होता, शीड भरलेलं, सुकाणू हातात नाडीसारखं हलकं थरथरत होतं. हिरवे दिवे संपले. मग बराच वेळ काहीच नाही. मग पहिला लाल.

त्याच सुमाराला मला आवाज आला. आधी वाटलं, कुठलीतरी दोरी घासते आहे. मग वाटलं पाणी. पोटात खड्डा पडला. मी कान देऊन ऐकलं, आणि मग ओळखलं. तो घोरत होता. २०२०पासून मी हा आवाज ऐकला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी याच आवाजाने मी हैराण व्हायचे आणि त्याला कोपराने ढोसायचे. आता मी सुकाणू धरून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी डोळे उघडे ठेवणं भाग होतं, कारण लाल दिवा जवळ येत होता. तो आमच्या पुढून मैलभरावरून गेला.

दीडच्या सुमाराला डावीकडे क्षितिजाच्या खालून उजेड यायला लागला. दर दहा सेकंदांनी दोन झोत. बार्फ्लरचा दीपस्तंभ, फ्रान्सचा. झोत मोजत बसले. दोन वाजायला पाच मिनिटं होती आणि खालचा आवाज तसाच चालू होता, संथ, खोल. त्याला झोपू द्यावं असं मला किती वाटलं ते मी सांगू शकत नाही. घरी असते तर आठ दिवस दार लावून घेतलं असतं, कोणाला फिरकू दिलं नसतं.

दोनला मी वाकून तीन वेळा टकटक केलं.

तो आला, चेहऱ्यावर उशीच्या शिवणीचा वळ. मी सांगत गेले. वारा पश्चिमेचाच, थोडा पडलाय. दिशा तीच. उजवीकडे एक जहाज, मागून जाईल. डावीकडे बार्फ्लर. बुडात बघितलं पावणेदोनला, कोरडं आहे.

“बरं,” तो म्हणाला, आणि झाकणाकडे न बघता वर आला, माझ्या हातातून सुकाणू घेतलं.

मी खाली गेले. झोळी अजून त्याच्या अंगाने गरम होती.